चुकलेले फर्मे

९ जून

आज पक्कं झालं. ग्रंथपालबाईंनी दुपारी स्वतः फोन करून सांगितलं की आमच्याकडून बांधून गेलेल्या एका कादंबरीत सोळा पानं भलत्याच जागी शिवली गेली आहेत. एका वाचकाने पुस्तक त्यांच्या टेबलावर आपटलं आणि विचारलं, "बाई, यांचं लग्न आधी आणि ओळख नंतर, हा काय प्रकार आहे?" बाई सांगताना हसत होत्या. पण फोन ठेवण्याआधी म्हणाल्या, "बाबांच्या कानावर घाल. पहिलीच वेळ आहे म्हणून मी कुठे नोंद करत नाही."

पहिली वेळ नाही. मला माहीत आहे, म्हणूनच आजपासून लिहून ठेवते आहे.

वर्षाच्या पहिल्या दिवशी बाबांनी माझ्याशी एक पैज लावली होती. वाचनालयाच्या फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा दर आठवड्याला आमच्या दुकानात बांधायला येतो. "त्यातलं एक मी काढून देईन," बाबा म्हणाले. "बांधून झालं की गठ्ठा परत जायच्या आत तू ते संपवायचं. वर्षभर. कंटाळवाणं निघालं तरी सोडायचं नाही, आणि रोज जेवताना गोष्ट कुठवर आली ते सांगायचं. आहे हिंमत, वाळवे?"

बाबा मला लहानपणापासून वाळवी म्हणतात. बाइंडरच्या घरात याहून मोठी शिवी नसेल. मी लगेच हो म्हटलं. पुढच्या जानेवारीत मी ग्रंथालयाच्या अभ्यासक्रमासाठी दुसऱ्या गावी जाणार आहे, तेव्हा घरातलं हे शेवटचं वर्ष असं वाचण्यात गेलं तर काय वाईट!

मार्चमध्ये एक कादंबरी आली. तिच्यात म्हातारे आजोबा मरतात, सगळे रडतात आणि पुढच्याच पानावर आजोबा चहा गार झाला म्हणून सुनेवर ओरडतात. मला ते फारच धाडसी वाटलं. जेवताना मी हातवारे करून सांगितलं की लेखकाने मरणालाच कसं झुगारून दिलंय बघा. आई म्हणाली, "चहासाठी परत येणारे सासरे मला अगदी खरे वाटतात." बाबांचा घास मात्र हातातच राहिला.

"पानांचे आकडे बघितलेस?"

"गोष्ट वाचताना आकडे कोण बघतं, बाबा?"

"बाइंडरची पोरगी बघते."

सकाळी पुस्तक माझ्या टेबलावरून गायब होतं. संध्याकाळी परत आलं, तेव्हा आजोबा चहा पिऊन मग मेले होते. खरं सांगायचं तर मला आधीचीच गोष्ट जास्त आवडली होती.

तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. मेमध्ये दुसरं पुस्तक सापडलं आणि आज हे तिसरं. आणि टाकेवाली आमच्या दुकानात आली फेब्रुवारीत.

१४ जून

टाकेवाली म्हणजे बाबांची नवी मदतनीस. तोंडावर मी तिला मावशी म्हणते. पंचेचाळिशीची असेल, हात झपाझप चालतात, बोलणं कमी. इतकी वर्षं ती बाजारातल्या मोठ्या बाइंडरकडे पुस्तकं शिवत होती. तो बाइंडर वाचनालयाच्या कामावर कधीपासून डोळा ठेवून आहे, हे आमच्या रस्त्यावरच्या मांजरालाही ठाऊक आहे. आणि तिला इथे बोलावून आणलं ते खुद्द बाबांनी. ज्या माणसाने तीस वर्षं दुसऱ्या कुणाला दाभण धरू दिला नाही, त्याला अचानक मदतनीस कशाला लागते?

आज मी पुस्तक घेऊन दुकानातच बसले. घर वर आणि दुकान खाली, त्यामुळे जिना उतरला की झालं. पूर्वी बाबांचं टेबल आतल्या भिंतीला होतं. आता ते पार दारापाशी आणलंय, उन्हाच्या पट्ट्यात, आणि आतली सगळी जागा टाकेवालीच्या ताब्यात. ती तिथे काय करते ते बाबांना मागे वळल्याशिवाय दिसणारच नाही. ही मांडणी कुणाच्या सोयीची आहे हे सांगायला हुशारी लागत नाही.

पुस्तक उसवलं की त्याचे फर्मे सुटे होतात. फर्मा म्हणजे एकात एक घडी घातलेली सोळा पानं. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी मुंगीएवढा आकडा छापलेला असतो, त्या क्रमाने ते रचायचे आणि शिवायचे. हे काम बाबा झोपेतही करतील. पण आज बघते तर टाकेवाली एकेक फर्मा उचलून बालवाडीतल्या बाईंसारखी मोठ्याने म्हणते, "एक… दोन… तीन…", आणि बाबा हात पुढे करून तो घेतात, टेबलावर ठोकून कडा सारख्या करतात, शिवायला घेतात.

"मावशी, आकडे ओरडता कशाला?"

"सवय गं ताई. तिकडे मशीनचा आवाज असायचा. ओरडल्याशिवाय ऐकू जायचं नाही."

"इथे कुठे मशीन आहे?"

बाबा मध्येच म्हणाले, "ओरडू दे की. मला तेवढीच सोबत."

सोबत! रेडिओ लावला तरी ज्यांचं डोकं दुखायचं, ते बाबा. तीस वर्षांच्या बाइंडरला बाहेरची बाई आकडे शिकवते आणि तो ऐकून घेतो. काहीतरी दबाव आहे.

२७ जून

या गठ्ठ्याची शिवण काळ्या दोऱ्याची आहे. पांढऱ्या कागदात काळे टाके, जसं काही ऑपरेशन झालंय. बाबा म्हणाले, "काळा मजबूत असतो." रंगाने दोरा मजबूत होत नाही हे मला त्यांनीच शिकवलं होतं. हा दोरा टाकेवालीने आणलाय, मी विचारून घेतलं. हलका माल असणार.

११ जुलै

पैजेचे नियम बदलले. बदल एकतर्फी आहे आणि माझा निषेध मी इथे नोंदवते. गोष्ट सांगणं पुरत नाही म्हणे, आता वाचून दाखवायचं. रोज जेवणानंतर निदान एक प्रकरण.

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" मी विचारलं.

"आहे की. पण तू मधली पानं गाळतेस."

हे खरं आहे, म्हणून जास्त लागलं. परवा मी गोष्ट सांगत असताना बाबांनी मध्येच विचारलं होतं, "आणि त्या धाकट्या बहिणीचं काय झालं?" धाकटी बहीण मी वर्णनांबरोबर ओलांडून गेले होते. हे पुस्तक बाबांनी कधीकाळी वाचलेलं असणार, मला पकडायलाच निवडलेलं. हल्ली ते अशीच निवडतात, सगळी जुनी, त्यांची आधी वाचून झालेली. नवीन पुस्तक हातात घेतात, पानांवरून अंगठा फिरवतात आणि बाजूला ठेवतात. पूर्वी गठ्ठ्यातलं एकही पुस्तक ते वाचल्याशिवाय परत पाठवत नसत. आता विचारलं तर वेळ नाही म्हणतात. आणि मी वाचायला लागले की तासभर हलत नाहीत. वेळ नसलेला माणूस असा बसतो का?

बसतात कसे, तर डोळे मिटून. झोपले असतील म्हणून आज एक परिच्छेद गाळून बघितला. "मागे जा," ते म्हणाले.

३ ऑगस्ट

आज दुपारी बाबा मला रस्त्यात दिसले. आईबरोबर होते. आई शाळेच्या कार्यालयात कामाला आहे, त्या वेळी ती शाळेत असायला हवी होती. मी समोरच्या बाजूने येत होते. हात केला. बाबांचं तोंड सरळ माझ्याकडे होतं, पण ओळख दाखवली नाही! आईच्या दंडाला धरून तसेच पुढे गेले. आईचं लक्ष गाड्यांकडे होतं.

संध्याकाळी विचारलं, "कुठे गेला होतात?"

"दाताच्या डॉक्टरकडे," आई म्हणाली.

"मी हात केला बाबांना."

"हो का?" बाबा हसले. "अगं, दात दुखत असला की माणसाला स्वतःची बायको ओळखू येत नाही."

रात्रीच्या जेवणात त्यांनी कडक झालेली भाकरी कडाकडा चावून खाल्ली. दोघं मिळून कुठेतरी जातात, मला टाळतात आणि खोटं बोलतात. सह्या करायला जात असतील का? दुकान विकायचं घाटतंय का?

१९ ऑगस्ट

फ्रिजच्या दारात एक इवलीशी बाटली आहे. वरचं लेबल खरवडून काढलंय. मी विचारलं तर आई म्हणाली, "बाबांच्या कानाचे थेंब."

"दाताचा डॉक्टर कानाचे थेंब देतो?"

"फार प्रश्न विचारतेस गं तू! त्या रहस्यकथा जरा कमी वाच."

या महिन्यात लागोपाठ तीन रहस्यकथा आल्या हा माझा दोष नाही. आणि त्या वाचून एवढं कळलं की घरातली माणसं "फार प्रश्न विचारतेस" म्हणायला लागली की आपण योग्य दाराशी उभे असतो.

६ सप्टेंबर

एक प्रयोग केला. काल दुकान बंद झाल्यावर खाली गेले आणि आज शिवायच्या पुस्तकाचे फर्मे बघितले. क्रम बरोबर, एकापासून शेवटपर्यंत. गठ्ठा होता तसा ठेवून वर आले.

आज टाकेवाली आली नाही, मुलीला ताप आहे. बाबा दिवसभर एकटेच होते. मध्ये एकदा खळीचा डबा सांडला म्हणून त्यांचा आवाज आला, एरवी शांतता. संध्याकाळी शिवलेलं पुस्तक उघडलं तर पाचवा आणि सहावा फर्मा उलटसुलट.

मी गोंधळले. ती नव्हतीच, मग चूक कशी? वर येऊन बराच वेळ खिडकीत बसले आणि मग लक्षात आलं. किल्ली! दुकानाची एक किल्ली बाबांनी तिला दिलेली आहे. आज सकाळी कुणी उठायच्या आत ती येऊन गेली असणार, फर्मे हलवून ठेवले असणार आणि मग मुलीच्या तापाचा निरोप. चूक आपण नसताना घडावी, म्हणजे संशय नको. पोहोचलेली बाई आहे.

बाबांना फक्त एवढंच म्हटलं, "या पुस्तकात पानं चुकलीत." त्यांनी हात पुढे केला. पुस्तक मांडीवर घेतलं आणि पानं चाचपत राहिले, जसं काही आकडे बोटांना लागणार होते. मग म्हणाले, "वाळवे, तुला जमलं तर गठ्ठ्यातली दोन वाच दर आठवड्याला. तीन वाच."

"पैज एकाची होती."

"खरं आहे," ते म्हणाले. "एकाचीच होती."

मला त्यांची दया आली. स्वतःच्या दुकानात कुणी खोड्या करतंय हे त्यांना दिसत नाही आणि सांगावं तर पुरावा नाही.

२१ सप्टेंबर

पुरावा मिळाला. सकाळी लवकर जिना उतरले. टाकेवाली दाराची फळी अर्धी उघडून आत बसली होती आणि बाबांनी काल शिवून संपवलेलं पुस्तक उसवत होती! हातात ब्लेड, मांडीवर काळ्या दोऱ्याचे तुकडे.

"मावशी, काय चाललंय?"

ती दचकली. मग शांतपणे म्हणाली, "दोन टाके सैल होते, ताई. पुन्हा घालते."

"बाबांचे टाके सैल?"

"कुणाचेही होतात."

"बाबांना माहीत आहे?"

यावर तिने माझ्याकडे बघितलं. "त्यांना कशाला सांगायचं? लागेल त्यांना. तू पण नको सांगूस."

काय धिटाई! मी तिथेच खुर्ची ओढून बसले. माझ्यासमोर तिने सगळे फर्मे नीट लावले, शिवले आणि पुस्तक शिकंज्यात दाबायला ठेवलं. या आठवड्यात बाबांनी मला नेमकं तेच पुस्तक दिलं. एक पान चुकलेलं नाही. मी समोर बसले म्हणून तिला काही करता आलं नाही, याचं मला मनातून बरं वाटतंय.

१५ ऑक्टोबर

ग्रंथपालबाईंचा पुन्हा फोन आला. या खेपेला हसल्या नाहीत. आणखी दोन पुस्तकांबद्दल तक्रार आली आहे, दोन्ही मुलीच्या तापात टाकेवाली आली नव्हती त्या आठवड्यातली, म्हणजे पुन्हा तीच किल्ली. वाचनालयाच्या समितीत विषय निघाला. पुढच्या वर्षीचं बांधणीचं काम कुणाला द्यायचं हे डिसेंबरात ठरणार आहे, आणि बाजारातल्या मोठ्या बाइंडरने अर्ज केलाय.

वाचनालयाचं काम गेलं तर दुकान गेलं. बाकी आमच्याकडे वकिलांच्या फायली आणि शाळांची हजेरीपत्रकं एवढंच येतं, त्यावर दुकान उघडायचे कष्टही निघत नाहीत. बाबांना दुसरं काही येत नाही आणि यायलाही नको आहे. आई एवढंच म्हणाली, "बघू." बाबांनी मला विचारलं, "कालचं प्रकरण कुठे थांबलं होतं?"

कादंबरीतली विधवा घर विकायला निघाली होती, तिथे. मी वाचायला घेतलं. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला तो बशीच्या बाहेर, टेबलाच्या अगदी कडेला. फुटला. काळजीत लक्षच नसणार त्यांचं.

८ नोव्हेंबर

आज जे ऐकलं ते शब्दशः लिहिते.

मी जिन्यात होते. खाली आई आणि टाकेवाली बोलत होत्या, बाबा बाहेर गेले होते.

टाकेवाली: "वहिनी, पोरीला सांगून टाका ना. माझ्याकडे कशी बघते ती, चोराकडे बघावं तशी."

आई: "जानेवारीपर्यंत नाही. त्यांनी शपथ घातली आहे मला. एकदा ती गेली की मग काय ते."

टाकेवाली: "तोवर निभलं पाहिजे."

आई: "निभवू. तुम्ही आहात ना."

मग कुणी रडल्यासारखं वाटलं. बहुधा आई.

म्हणजे मी जायची वाट बघताहेत. मी जानेवारीत गेले की दुकान टाकेवालीच्या नावावर, किंवा तिच्या जुन्या मालकाच्या. आणि आईलाही तिने भरीला घातलंय, रडवलंय. घरात मी एकटीच उरले जिला बाबांची बाजू घ्यायची आहे.

जेवताना मी नेहमीसारखी वाचून दाखवत होते. मध्येच म्हटलं, "बाबा, मी जानेवारीत नाही गेले तर? एक वर्ष थांबले तर?"

बाबांचा चेहरा एकदम कडक झाला. "का? कुणी काही बोललं तुला?"

"कोण काय बोलणार?"

"मग जायचंच. तुझी फी भरून झाली, खोली बघून झाली. इथे थांबून काय करणार, माझी काठी होणार?"

आईने त्यांच्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तुम्हाला काठी कशाला हवी? दात पडले म्हणून?" बाबा जरा जास्तच मोठ्याने हसले.

मला घालवायची घाई त्यांनाही झाली आहे. कुणी कान भरलेत ते उघड आहे.

२० नोव्हेंबर

ग्रंथपालबाईंकडे गेले. फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. त्या परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगामागे बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. टाकेवाली कुठून आली, किल्ली, उसवताना कशी सापडली, सगळं. जिन्यातलं तेवढं सांगितलं नाही, ते घरचं आहे.

बाईंनी मध्ये कुठेही टोकलं नाही. शेवटी म्हणाल्या, "बाबांना विचारलंस का?"

"त्यांना ती फार भली वाटते."

"आणि तुला कशी वाटते?"

"मला वाटतं, ती काम बिघडवायला आली आहे."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तुझे बाबा माझ्या आधीपासून या वाचनालयाचं काम करताहेत. मला ते जायला नको आहे. पण समितीपुढे मी तुझा संशय कसा ठेवू?"

तेव्हा मला सुचलं. "तुम्ही दुकानात या. एक पुस्तक समोर बांधून घ्या. बाबा एकटे बांधतील, तिला हातच लावू द्यायचा नाही. मग कळेल चुका कुणाच्या होत्या."

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. "हे योग्य होईल," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसाठी योग्य होईल."

घरी येताना पाय जमिनीवर नव्हते.

५ डिसेंबर

समितीने मान्य केलं. ग्रंथपालबाई आणि एक सदस्य अठरा तारखेला येणार. मालकाने स्वतः, मदतनिसाशिवाय, पुस्तक बांधून दाखवायचं. बाईंनी फोनवर बाबांना सांगितलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. बाबा फक्त "बरं, बरं" म्हणत होते. फोन जागेवर ठेवायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

"कुणाच्या डोक्यातून निघालं हे?" त्यांनी विचारलं.

"माझ्या!" मी म्हटलं.

आईने हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं आणि आतल्या खोलीत गेली. बाबा फोनपाशीच उभे राहिले. मग त्यांनी हात पुढे करून माझं डोकं शोधल्यासारखं केलं आणि टपली मारली.

"वाळवी गं वाळवी," ते म्हणाले. "शेवटी खांबालाच लागलीस."

रागावले नव्हते. मला तरी वाटलं नाही.

१३ डिसेंबर

टाकेवाली आज जिन्यात आडवी आली. अठरा तारखेला येऊ नका हे मी तिला कालच सांगितलं होतं, सभ्यपणे.

"ताई, माझ्यावर राग असेल तर असू दे," ती म्हणाली. "त्या दिवशी मी नाही येणार. पण तू बस त्यांच्याजवळ. अगदी शेजारी. पुस्तक नको हातात."

"मी शेजारी बसले तर समिती म्हणेल की पोरीने मदत केली."

"म्हणू दे ना."

"तुम्हाला तेच हवंय," मी म्हटलं. "निकाल बाद व्हावा."

तेवढ्यात दुकानातून बाबांनी हाक मारली, "अहो, चला, पंधरावा कुठे गेला?" ती खाली गेली. गेले आठ दिवस दोघं सकाळपासून शिवत बसतात, तीच तीच पुस्तकं उसवून पुन्हा पुन्हा. बाबा आता फर्मे हातात तोलतात, कडांवर नख फिरवतात, नाकापाशी धरतात. एवढा सराव कशासाठी, हे काम तर ते झोपेत करतील असं मीच लिहिलंय वर कुठेतरी. मानी माणूस आहे. चार लोकांसमोर एक टाकाही वाकडा पडू नये असं वाटत असणार.

१७ डिसेंबर

वर्षाचं शेवटचं पुस्तक हातात आहे, वाचनालय सुट्टीत बंद राहणार म्हणून पुढचा गठ्ठा येणार नाही. म्हणजे पैज मी जिंकल्यात जमा. एकही सोडलं नाही. मधली पानं सुरुवातीला गाळली ती सोडली तर एक ओळही चुकवलेली नाही, आणि जुलैपासूनचं सगळं तर मोठ्याने वाचलंय.

संध्याकाळी वाचायला बसले. बाबा आज खुर्ची माझ्या अगदी जवळ ओढून बसले होते. आई दारात उभी राहून ऐकत होती, ती कधी ऐकत नाही. दोनच प्रकरणं उरली होती. एक झालं.

"शेवटचं राहू दे," बाबा म्हणाले. "उद्या ती मंडळी गेली की वाच."

"आत्ता का नाही? दहाच तर पानं आहेत."

"उद्या वाचायला काहीतरी हवं की."

आई म्हणाली, "अहो, तिला आता तरी…"

"उद्या," बाबा म्हणाले. "उद्या सगळं एकदमच." मग माझ्याकडे वळले. "वाळवे, मी एकट्याने बांधायचं हे तू ठरवलंस ना, बरं केलंस. माझ्याच्याने ठरत नव्हतं."

काय ठरत नव्हतं ते विचारलं तर नुसते हसले. टाकेवालीला काढायचं, दुसरं काय असणार. म्हणजे त्यांनाही संशय होता! इतके महिने मला वाटत होतं की मी एकटीच आहे.

"उद्या माझ्या शेजारी बसशील?" त्यांनी विचारलं.

हेच टाकेवालीनेही म्हटलं होतं. आता तिने हे त्यांच्याही डोक्यात घातलंय. मी समजावून सांगितलं की असं केलं तर निकालाला काही अर्थ राहणार नाही, मी समोर ग्रंथपालबाईंच्या बाजूला बसेन, तिथून त्यांचे हात नीट दिसतील. बाबांनी जरा विचार केला आणि मान हलवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तूही बघ."

टाकेवालीची किल्ली मी दुपारीच मागून घेतली. खाली जाऊन टेबल पुसलं, दाभण, दोरा, खळ सगळं नवं मांडून ठेवलं. काळ्या दोऱ्याचं रीळ उचलून खणात टाकलं आणि छान पांढरा दोरा ठेवला.

उद्या अकरा वाजता समितीकडून ते दोघं येतील. पुस्तक ते स्वतः घेऊन येतील, अगदी जुनं, बारीक छपाईचं, आधीच उसवलेलं आणि फर्मे पत्त्यांसारखे पिसलेले, म्हणजे कुणी आधीपासून लावून ठेवलं असं म्हणायला जागा नको. पिसायची कल्पनाही माझीच. टेबलापाशी बाबांशिवाय कुणी नसेल, आकडे ओरडायला कुणी नसेल, आणि हे सगळं वर्षभर कोण करत होतं ते तासाभरात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येईल.